बिगर-अर्थशास्त्र्यांचे अर्थशास्त्र

‘अर्थशास्त्राची तोंडओळख’ हा पेपर आज इंजिनीअरिंगपासून कायद्यापर्यंत अनेकांच्या माथी मारला जातो. पण विषय वर्गात आला तोच मुळी दुसऱ्यांसाठी. 1805 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या इंग्लंडमधल्या कॉलेजात थॉमस माल्थसला प्राध्यापक नेमले. हे कॉलेज पुढे हेलीबरीला गेले. तिथल्या पोरांना हिंदुस्थानात जाऊन महसूल गोळा करायचा होता, अर्थतज्ज्ञ कोणालाच व्हायचे नव्हते.

त्यांच्यातलाच हुशार विद्यार्थी रॉबर्ट कीथ प्रिंगल. पेशवाई बुडाल्यावर दहाएक वर्षांत पुणे जिल्ह्याची सारापद्धत बसवायचे काम त्याच्याकडे आले आणि त्याने वर्गातला खंडाचा सिद्धान्त (खर्च वजा जाता जमिनीतून उरते तो खंड) थेट शिवारात आणला. पिकाच्या किमतीतून बैल, बी-बियाणे, मजुरी असा मशागतीचा खर्च वजा करायचा. उरेल त्या निव्वळ उत्पन्नाचे 55 टक्के सरकारचे. कागदावर हिशेब चोख. पण प्रत्येक प्रतीच्या जमिनीचा खर्च आणि उतारा सांगणार कोण? हाताखालच्या लोकांनी भरलेले आकडे खोटे निघाले. त्यात धान्याचे भाव पडले, शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या. अखेर 1835-36 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी आकारणी सुरू केली. तिच्यात सिद्धान्तापेक्षा अनुभवाला मान होता.

घरी बसून शिकणाऱ्यांसाठी जेन मार्सेटबाईंनी 1816 मध्ये संवादरूपाने पुस्तक लिहिले, ते खूप खपले. मराठीतही कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ लिहिली.

आकृत्या मात्र उशिरा आल्या. मागणी-पुरवठ्याच्या रेघा इंग्रजीत प्रथम ठसठशीत काढल्या त्या फ्लीमिंग जेंकिनने, 1870 मध्ये. हा गृहस्थ समुद्राखालून तारा टाकणारा इंजिनीअर! अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शलने त्या रूढ केल्या आणि किंमत उभ्या अक्षावर ठेवली. ज्याच्यामुळे बदल होतो ते आडव्या अक्षावर, अशी सवय असलेली विज्ञानाची मुले आजही इथेच अडखळतात: किमतीनुसार मागणी बदलते म्हणता, तर मग किंमत आडव्या अक्षावर का नाही? शंका रास्त आहे. मार्शल उलट बाजूने विचार करत होता: इतका माल विकायचा तर गिऱ्हाईक किती किंमत देईल?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या ‘एमआयटी’त इंजिनीअरिंगच्या मुलांना अर्थशास्त्र सक्तीचे होते आणि ती त्याला वैतागली होती. त्यांच्यासाठी विभागप्रमुखांनी तरुण पॉल सॅम्युएल्सनला पुस्तक लिहायला लावले. 1948 चे ते ‘इकॉनॉमिक्स’ तोफा की लोणी, म्हणजे युद्धसाहित्य की नागरिकांच्या वापराच्या वस्तू, असा सरळ प्रश्न टाकते. आकृत्या भरपूर, कारण वाचक इंजिनीअर. पुढे हाच साचा सगळ्या जगाचा झाला आणि खुद्द अर्थशास्त्राची मुलेही त्यातूनच शिकू लागली. पाहुण्यासाठी मांडलेले ताट घरच्यांनीच उचलले म्हणायचे. मला हे फारसे भले झाले असे वाटत नाही: ज्याला एकच सत्र शिकायचे आहे त्याच्यासाठी केलेली काटछाट विषयाचा पायाच होऊन बसली.

त्या काटछाटीला खात्रीचा सूरही चिकटला. सॅम्युएल्सनच्या पुस्तकाच्या 1961 च्या आवृत्तीतल्या आलेखात सोव्हिएत अर्थव्यवस्था अमेरिकेला फार तर 1997 पर्यंत गाठेल असे दाखवले होते. 1980 च्या आवृत्तीत ही मुदत 2012 पर्यंत पुढे सरकली. सोव्हिएत संघ 1991 मध्येच मोडला.