डोंगा, द्रोण आणि नांगर

डोंगा म्हटले की मराठी वाचकाला आधी चोखोबांच्या अभंगातला ऊस आठवतो. तिथे डोंगा म्हणजे वाकडा. पण वर्धा-वैनगंगेच्या काठचा भोई किंवा ढिवर डोंगा म्हणतो, तेव्हा तो आपल्या लाकडी नावेबद्दल बोलत असतो. यवतमाळकडच्या नेरसारख्या गावात, समुद्रापासून इतक्या आत, कुणी पहिल्यांदाच एखादी जुनी नाव दुरुस्तीला घेतली, तर तिला त्याने डोंगाच म्हणावे. हिंदीतली डोंगी, बंगालीतली डिंगी ही सगळी याच गोतातली. इंग्रजांनी डिंगी इथूनच उचलली. आज दूरदूरच्या देशांत हौशी माणसे जुनी लाकडी डिंगी घासून, रंगवून पुन्हा पाण्यात सोडतात, तिचे नाव आपल्या नद्यांवरचे आहे.

(नेर म्हणजे नीर, अशी एक समजूत आहे. मला नगर, प्राकृतात णयर आणि त्याचे नेर, ही साखळी अधिक पटते. गावाच्या नावात पाणी नसले तरी गावाच्या बोलण्यात ते भरपूर आहे.)

पंगतीतला पळसाच्या पानांचा द्रोणच घ्या. संस्कृतात द्रोण म्हणजे लाकडी भांडे, आणि द्रोणी म्हणजे लांबट कुंड, तशीच नावही. मुळाशी द्रु किंवा दारु, म्हणजे लाकूड. मराठीत तिची डोणी झाली आणि गुरांना पाणी पाजायची डोणही त्याच घरातली. खोड कोरून केलेली पोकळी, एवढाच मूळ अर्थ. तिने पाणी आत धरले तर डोण, बाहेर अडवले तर नाव. वरण वाढलेला द्रोण हातात घेताना आपण नावेचे नाव घेतो, हे मला फार मोलाचे वाटते.

नांगराची गोष्ट याहून नवलाची. शेतातला नांगर संस्कृत लांगलावरून आला. जहाजाचा नांगर मात्र फारसी लंगर. तो बंदरांवरून मराठीत शिरला आणि शेतकऱ्यांच्या या भाषेने त्याला ओळखीचे रूप दिले. दोघांचेही फाळ रुततात, एकाचा मातीत, दुसऱ्याचा तळाशी. सुकाणूही परकाच, अरबी सुक्कान. पण खास आपला आहे तो तॄ हा धातू. तरणे, तारणे, तारू, उतार, तीर्थ, इतकेच काय, अवतारसुद्धा त्याचाच. नदी ओलांडायची जागा ते तीर्थ, आणि नावेने पलीकडे नेण्याची सोय ती तर. तरीवर नाव नसेल तर माणूस अलीकडेच अडकतो, म्हणून ‘तारणे’ या क्रियेला एवढे वजन आले असावे.

अजिंठाही नेरसारखाच समुद्रापासून लांब. तरी तिथल्या लेण्यात पाचव्या शतकाच्या सुमारास कुणी जहाज रंगवले. त्याच चित्राच्या आधाराने गोव्यात आपल्या काळात एक जहाज बांधले गेले. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या आणि सांधे राळेने बुजवले. मे २०२५ मध्ये कारवारला ते कौंडिण्य या नावाने नौदलात दाखल झाले. ‘शिवणे’ हे क्रियापद कापडापुरते नाही, हे त्या जहाजाने दाखवून दिले.

आता डोंग्याची डागडुजी. कोरडा पडलेला डोंगा उन्हात उलतो, फळ्यांमध्ये फटी पडतात, आणि नवखा माणूस घाबरून नव्या फळ्या आणायला धावतो. त्याआधी त्याने गावच्या सुताराला विचारावे. उन्हाळ्यात बैलगाडीचे चाक सैल झाले, धाव खुळखुळू लागली की ते पाण्यात ठेवायचे. लाकूड फुगते, आरे घट्ट बसतात. डोंग्याचेही तसेच. आधी तो काही दिवस भिजू द्यावा, फळ्या किती मिटतात ते पाहावे. मिटल्यावरही जिथून पाणी येते, तिथेच काथ्या किंवा सूत ठोकावे आणि राळ भरावी. कुजलेली फळी मात्र बदलावीच लागते. सागाला पर्याय शोधू नये. साग यवतमाळच्या जंगलात आहे.

फायबरच्या नावा आल्या, पूल झाले आणि नदीवरच्या तरी बंद पडल्या. लाकूड मिळेल, राळही मिळेल, शब्द मात्र गेले की मिळणार नाहीत. डोंग्याच्या प्रत्येक फळीला, कडेला, सांध्याला म्हाताऱ्या नावाड्यांच्या तोंडी नावे आहेत. रंधा हातात घेण्याआधी वही घेऊन त्यांच्याकडे जा आणि ती नावे त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या.