रंग पदार्थाचा की आकारमानाचा?

कॅडमियम सल्फाइड पिवळे असते, असे आपण वर्गात सांगतो. पण त्याचे कण सुमारे दोन नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या पाच लाखाव्या भागाएवढे केले, तर तीच पूड जवळजवळ पांढरी दिसते. असे का व्हावे? स्फटिक फार लहान झाला की आतल्या इलेक्ट्रॉनला वावरायला जागा अपुरी पडते. अशा कोंडलेल्या इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर जाण्यास जास्त ऊर्जा लागते.

1981 साली सोव्हिएत संघात अलेक्सी एकिमॉव्ह यांनी काचेतल्या कॉपर क्लोराइडच्या स्फटिकांत हा परिणाम दाखवला. 1983 साली अमेरिकेत लुई ब्रूस यांना तो द्रावणातल्या कॅडमियम सल्फाइडच्या कणांत आढळला. द्रावण ठेवून दिले की कण वाढत आणि त्यांचे प्रकाशशोषण बदले. म्हणजे खरे कसब कणांची वाढ वेळीच थांबवण्यात होते. 1993 साली मुंगी बावेंडी यांनी तापवलेल्या द्रावकात एकसारख्या आकारमानाचे कण मिळवले. या तिघांना 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

याच काळात पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी आणि सहकारी झिंक सल्फाइडच्या नॅनोकणांवर काम करत होते. मँगनीज मिसळलेले असे कण पाण्यात बनवण्याची त्यांची पद्धत 1995 साली प्रसिद्ध झाली. या कणांचा नारिंगी प्रकाश मुख्यतः मँगनीजच्या पाहुण्या अणूमुळे असतो. तांबे मिसळले तर हिरवा प्रकाश मिळतो.

तेव्हा पदार्थाचा रंग सांगताना आपण दोन प्रश्न जोडावेत: कण केवढा, आणि त्यात पाहुणा कोण?