पाण्याच्या जडपणाचा हिशेब

ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्या पाण्याला आपल्या गृहिणी 'जड पाणी' म्हणतात. शाळेच्या पुस्तकांत त्यालाच 'दुष्फेन' असे नाव आहे. पाणी जड आहे हे जिभेला व हाताला लगेच कळते. परंतु ते किती जड आहे हे आकड्यात सांगणे मनुष्याला फार उशिरा साधले. त्या आकड्याचा इतिहास आज थोडक्यात पाहावयाचा आहे.

पहिले कोडे असे होते की, खडू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मग स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात तो राहतो कसा? १७५६ साली स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक याने खडूत कोंडलेल्या एका वायूचा शोध प्रसिद्ध केला होता. तोच आजचा कार्बन डाय-ऑक्साइड. पुढे १७६७ साली हेन्री कॅव्हेंडिश याने लंडनमधील रॅथबोन प्लेस येथील पंपाचे पाणी तपासले आणि दाखवून दिले की, या वायूच्या आधिक्यामुळेच खडू पाण्यात विरघळून राहतो. पाणी उकळले की वायू निघून जातो आणि खडू तळाशी बसतो. आपल्या बंबात व किटलीत जमणारा पांढरा थर हा त्याच घटनेचा पुरावा होय.

कारण कळले, तरी माप नव्हते. ते दिले ॲबर्डीन येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस क्लार्क यांनी. १८४१ साली त्यांनी पाणी सुफेन करण्याच्या आपल्या रीतीचे पेटंट घेतले. रीत मोठी गमतीची होती : चुन्याने जड झालेल्या पाण्यात आणखी चुन्याची निवळी घालावयाची! नवा चुना तो जास्तीचा वायू शोषून घेतो, आणि जुना व नवा असा दोन्ही चुना खडू होऊन खाली बसतो. काट्याने काटा काढावा, तसाच हा प्रकार. परंतु निवळी किती घालावी हे ठरविण्यास जडपणा मोजणे भाग होते. म्हणून क्लार्क यांनी साबणाचाच तराजू केला. ठराविक पाण्यात साबणाचे द्रावण थोडे थोडे घालून बाटली हलवावयाची. फेस पाच मिनिटे टिकला की किती द्रावण खर्ची पडले ते पाहावयाचे. एका गॅलनात, म्हणजे ७०,००० ग्रेन पाण्यात, एक ग्रेन खडू असला की जडपणाचा एक अंश, असे त्यांचे माप ठरले.

१९४० नंतरच्या दशकात झुरिकच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी 'ईडीटीए' या द्रव्याची अचूक रीत आणली आणि साबणाची बाटली मागे पडली. आज पाण्यातील क्षारांवरूनही हिशेब करता येतो. एका लिटरातील कॅल्शियमच्या मिलिग्रॅमला २.५ ने व मॅग्नेशियमच्या मिलिग्रॅमला ४.१ ने गुणून बेरीज करावी. उत्तर खडूच्या मापात येते. समजा, एका लिटरात कॅल्शियम ८० आणि मॅग्नेशियम २४ मिलिग्रॅम आहे. तर २०० अधिक ९८, म्हणजे जडपणा सुमारे २९८. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात २०० पर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह असून, दुसरा पाणवठा नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतो.

कोणी म्हणेल, या बेरजेचे आम्हांस काय? तर पाहा. खडूचा एक भाग सुमारे सहा भाग शुद्ध साबण निकामी करतो. वरील पाण्याची १५ लिटरांची एक बादली फेस येण्यापूर्वीच सुमारे २७ ग्रॅम साबण गिळून टाकते. हा दंड रोज भरतो कोण? जिच्या घरी धुण्याचा ढीग मोठा आणि मिळकत लहान, तीच माउली.

म्हणून जितके सुफेन तितके उत्तम, असे मात्र नव्हे. १८५९ साली ग्लासगो शहराने लॉख कॅट्रिन तलावाचे अत्यंत सुफेन पाणी आणले. पण असे पाणी शिशाच्या नळांतील शिसे विरघळवते, आणि शिसे हे विष आहे. अखेर विसाव्या शतकात त्याच पाण्यात मुद्दाम चुना मिसळावा लागला! तसेच जडपणाचा आकडा रोगजंतूंविषयी एक अक्षरही बोलत नाही. तो एकाच प्रश्नाचे उत्तर देतो, पण ते चोख देतो.

तेव्हा आपल्या विहिरीचा वा कूपनलिकेचा तपासणी-अहवाल हाती आला, तर कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे आकडे शोधून ही बेरीज स्वतः करून पाहावी. आणि जंतूंची तपासणी झाली आहे की नाही, हेही त्याच कागदावर अवश्य पाहावे.