ग्रंथपालाची उसनवारी

जप्तीचा हुकूम निघाला म्हणजे पुस्तक कोठें जातें? सरकारच्या कोठारांत, असें आपण म्हणाल. लाहोरच्या एका ग्रंथालयाची हकीकत मात्र निराळें उत्तर देते.

असहकारितेच्या चळवळींत, १९२१ सालीं, लाला लजपतराय प्रभृतींनीं लाहोरास नॅशनल कॉलेज काढलें. लालाजींनींच स्थापिलेलें द्वारकादास ग्रंथालय हें तेथील विद्यार्थ्यांचें आवडतें ठिकाण होतें. १९०७ सालीं जन्मलेला भगतसिंग विशीच्या आंतच तेथला वाचक झाला. सुखदेव, भगवतीचरण व्होरा आदि सोबत्यांसह त्यानें अभ्यासमंडळ चालविलें. इटली, आयर्लंड व रशिया येथील क्रांतींचे इतिहास वाचावे आणि त्यांवर हिरिरीनें वाद घालावा, असा क्रम असे.

एक ग्रंथ मात्र उघडपणें कपाटांत ठेवणें शक्य नव्हतें. सावरकरांचा १८५७ च्या स्वातंत्र्यसमरावरील हा ग्रंथ मुळांत मराठींत लिहिलेला. त्याचें इंग्रजी भाषांतर १९०९ सालीं हॉलंडांत छापलें गेलें; पण सरकारनें प्रकाशनापूर्वींच त्यावर बंदी घातली होती. ग्रंथपाल राजाराम शास्त्री यांनीं आपल्या आठवणींत लिहिलें आहे कीं, हा ग्रंथ भगतसिंगानेंच त्यांस आणून दिला, तोही अवघ्या ३६ तासांच्या बोलीवर. शास्त्रींनीं रात्रीचा दिवस करून तो वाचला. ग्रंथपालानें वाचकाकडून पुस्तक उसनें घ्यावें आणि मुदत वाचकानें ठरवावी! पुढें त्यांच्याच साह्यानें भगतसिंगानें त्या ग्रंथाची गुप्त आवृत्ति काढली.

१९३० सालीं तुरुंगांतून त्यानें मित्रास पत्र धाडलें, तें याच ग्रंथालयांतून रसेल, क्रोपॉटकिन इत्यादिकांचीं पुस्तकें मागविण्यासाठीं. २३ मार्च १९३१ रोजीं तो फांशीं गेला. ग्रंथावरील बंदी उठावयास १९४६ साल उजाडावें लागलें.

मीं मास्तरकी केली. शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली पुष्कळ वर्षें मजपाशीं होती. एकदां एका मुलानें मागितलेलें पुस्तक ‘तुझ्या वयास योग्य नव्हे’ म्हणून मीं नाकारलें. आठ दिवसांनीं तेंच पुस्तक, वर्तमानपत्राचें वेष्टन घातलेलें, त्याच्या दप्तरांत दिसलें. त्यानें तें वाचलें होतें. परंतु त्याविषयीं मजपाशीं तो अवाक्षरही बोलला नाहीं. कुलपानें पुस्तक अडलें नाहीं. त्या मुलाशीं व्हावयाचें संभाषण मात्र मीं गमावलें. शास्त्रींनीं तें गमावलें नाहीं.

ज्यांच्या हातीं आज अशा किल्ल्या असतील, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, इतकेंच माझें सांगणें.