भागीदार निवृत्त होतो, मुखत्यारपत्राचं काय होतं?

मंडळी, आज आपण एका साध्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. पेढीतला एक भागीदार निवृत्त झाला, तर पेढीने दिलेल्या मुखत्यारपत्राचं काय होतं? प्रश्न वकिली वाटतो, पण त्यात एखाद्याचं घरदार अडकलेलं असू शकतं.

आधी शब्द पाहू. ‘मुखत्यार’ हा मूळचा अरबी शब्द, अर्थ ‘निवडलेला’. ‘कुलमुखत्यार’ म्हणजे सर्व अधिकार दिलेला. असे शब्द मराठीत रुळले, कारण दुसऱ्याच्या वतीने कारभार बघणारी माणसं आपल्याकडे जुनीच: दरबारात मुतालिक, पेढीवर मुनीम, परगावी गुमास्ता. ‘गुमास्ता’ तर आज दुकानाच्या परवान्याचं बोलीतलं नाव होऊन बसलाय! जुन्या पेढीचा व्यवहार ओळखीवर चाले. माणूस बदलला की आडत्यांना, सावकारांना कळवायचं, एवढीच रीत.

शहरं वाढली, अनोळखी माणसाशी व्यवहार वाढला, तशी ही रीत अपुरी पडू लागली. १८७२ चा करार कायदा आला. त्याच्या २०१व्या कलमात मुखत्यारी कशी संपते ते दिलं आहे: मालकाने अधिकार काढून घेतला, मुखत्याराने काम सोडलं, काम पुरं झालं, दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला किंवा बुद्धिभ्रंश झाला, मालक दिवाळखोर ठरला. भागीदाराची निवृत्ती या यादीत नाही.

पण आपल्या विषयाचा खरा गाभा २०८व्या कलमात आहे. अधिकार संपला, तरी मुखत्याराच्या बाबतीत तो संपतो त्याला कळल्यावर, आणि बाहेरच्यांच्या बाबतीत, त्यांना कळल्यावर. म्हणजे कागद फाडून भागत नाही. बातमी पोचावी लागते. १८८२ च्या मुखत्यारपत्र कायद्यानेही हाच धागा पकडला. अधिकार रद्द झाल्याचं ठाऊक नसताना सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल, रद्द झालं होतं एवढ्याच कारणावरून त्या माणसाला जबाबदार धरता येत नाही.

भागीदारीचे नियमही आधी करार कायद्यातच होते. १९३२ मध्ये भागीदारीचा स्वतंत्र कायदा झाला. त्याचं ३२वं कलम सांगतं की निवृत्तीची जाहीर सूचना दिली जात नाही, तोवर निवृत्त भागीदार आणि उरलेले भागीदार बाहेरच्यांना जबाबदार राहतात. ज्याला तो भागीदार होता हेच माहीत नव्हतं, त्याला मात्र निवृत्त माणसावर दावा सांगता येत नाही. नोंदणी झालेल्या पेढीने ही सूचना कशी द्यायची, ते ७२व्या कलमात आहे: निबंधकाकडे नोटीस, सरकारी राजपत्रात प्रसिद्धी, आणि पेढीच्या जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका देशी भाषेतल्या वर्तमानपत्रात प्रसिद्धी. मराठी वर्तमानपत्रांतल्या ‘जाहीर नोटीस’च्या बारीक अक्षरांमागे ही अशी कलमं असतात.

आता समजा, तिघांच्या पेढीने मुनीमाला मुखत्यारपत्र दिलंय. त्यावर तिघांच्या सह्या. थोरले भागीदार निवृत्त झाले, हिशेब चुकते झाले, हारतुरे झाले. जुनं पत्र मात्र मुनीमाच्या कपाटात तसंच राहिलं. सहा महिन्यांनी त्याने त्याच पत्रावर मोठी उधारी उचलली. जाहीर सूचना नाही, उधार देणाऱ्याला काही माहीत नाही. तो तिघांच्याही दारात उभा राहू शकतो. थोरल्यांच्या म्हातारपणाची पुंजी तेव्हा पणाला लागते.

उलटही घडतं. निवृत्त होणारा भागीदार स्वतःच पेढीचा मुखत्यार असतो. बँकेत, कोर्टात त्याचीच सही चालते. पत्र तसंच राहिलं, तर धोका उरलेल्यांना.

म्हणून जाणत्या पेढ्यांनी रीत पाडली. निवृत्तीच्या करारातच जुन्या मुखत्यारपत्रांचा उल्लेख करायचा. रद्द केल्याचा लेख वेगळा करायचा, मूळ पत्र परत घ्यायचं. मुखत्याराला लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. बँकेला व नेहमीच्या व्यापाऱ्यांना स्वतंत्र पत्रं द्यायची. मग उरलेल्या भागीदारांच्या सह्यांनी नवं पत्र करायचं. एक अपवाद ध्यानात ठेवू: व्यवहाराच्या मालमत्तेत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल, तर तसा स्पष्ट करार नसताना त्याला बाधेल अशा रीतीने मुखत्यारी संपवता येत नाही. ते २०२वं कलम.

जुन्या पेढीवाल्याला आडत्याकडे निरोप धाडावा लागे. कायद्याने त्या निरोपालाच नोटिशीचं रूप दिलं. अधिकार देताना एक सही पुरते. तो काढून घेताना मात्र गावभर सांगावं लागतं.