संशोधनालाही सावड लागते

पीएच.डी. म्हणजे एकट्याची तपश्चर्या, असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. आम्हाला हे मान्य नाही. जीवशास्त्रात तर हे सरळसरळ खोटे आहे. हरभऱ्याचा संकर करायचा तर फूल उमलण्याआधी कळीतले पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात, मग दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, खूण बांधायची. अशा शेकडो कळ्या, आणि फुलोऱ्याचे दिवस मोजके. संशोधक आजारी पडला म्हणून पीक थांबत नाही. तेव्हा पाणी द्यायला, नोंदी घ्यायला, काढणीला सोबतीच लागतात. खेड्यात याला सावड म्हणतात. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या.

पण गावातली सावड कोणाची कोणाशी होत असे? ज्याच्याकडे जमीन आणि बैल, त्याची तशाच दुसऱ्याशी. महार-मांगांच्या वाट्याला वतनाची वेठ होती, सावड नव्हती. सावडीला बरोबरी लागते आणि जात बरोबरीच नाकारते. म्हणून आमचा प्रश्न साधा आहे. प्रयोगशाळेतल्या, वसतिगृहातल्या, मेसमधल्या सावडीत आपला विद्यार्थी आहे का?

या प्रश्नाचा इतिहास आपल्या नगर जिल्ह्यापासूनच सुरू होतो. मित्र सदाशिव गोवंडे यांच्यामुळे जोतीराव फुले नगरला आले. इथे त्यांनी अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि 1848 साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. त्याच जोतीरावांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये माती वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे, जनावरांची सुधारित पैदास आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शास्त्र शिकण्याची सोय यांची मागणी केली. शेतीचे शास्त्र शेतात राबणाऱ्यांच्या लेकरांच्या हाती जावे, हा त्या मागणीचा अर्थ.

बाबासाहेबांनी ही गोष्ट स्वतः जगून पाहिली. 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. तिथे नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा सोबती झाला. 1920 मध्ये अपुरा अभ्यास पूर्ण करायला ते लंडनला निघाले, तेव्हा साठवलेल्या पैशांना शाहू महाराजांची मदत आणि याच भथेनाचे कर्ज यांची जोड मिळाली. 1923 ची डी.एस्सी. बाबासाहेबांच्या बुद्धीची आणि कष्टाची, यात शंका नाही. पण त्या बुद्धीला लंडनपर्यंत पोहोचवायला सावडही लागली.

म्हणूनच त्यांनी नुसत्या प्रवेशावर समाधान मानले नाही. 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि 1925 च्या सुरुवातीलाच सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. पुढे 1946 ला मुंबईत सिद्धार्थ, 1950 ला औरंगाबादेत मिलिंद. मिलिंदमध्ये वर्गाबाहेर, वसतिगृहाच्या खोल्यांत जी चर्चा झाली, तिच्यातून मराठवाड्यातली एक अख्खी लिहिती पिढी उभी राहिली. वसतिगृह म्हणजे फक्त डोक्यावरचे छप्पर नव्हे, हे आपल्या चळवळीला शंभर वर्षांपूर्वी कळले होते.

1968 साली महाराष्ट्रात कृषी विद्यापीठ झाले, आणि राहुरीच्या विद्यापीठाला जोतीरावांचे नाव मिळाले. आज इथले संशोधन शेतकऱ्याच्या बांधावर 'फुले' या नावाने पोहोचते. उसाचा 'फुले 265', सोयाबीनचा 'फुले संगम', गाईंमध्ये 'फुले त्रिवेणी'. ज्यांच्या आईबापांनी दुसऱ्याच्या फडात ऊस तोडला, त्यांची मुले उसाचे नवे वाण तयार करू लागली, तर तो खरा 'असूड'. मात्र त्यासाठी मुलगा किंवा मुलगी पीएच.डी.च्या शेवटापर्यंत टिकली पाहिजे.

टिकण्यात अडथळे काय, हे देशाने पाहिले आहे. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली. 2007 च्या अहवालात परीक्षेइतकेच वसतिगृह, मेस आणि खेळाचे मैदान आले. आपल्या मुलांना ठरावीक वसतिगृहांत ढकलले जात होते, जेवताना-खेळताना वेगळे पाडले जात होते. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला आणि त्याच्या चार साथींना वसतिगृहातून काढले, सार्वजनिक जागांवर एकत्र यायला मनाई केली. रोहितची अधिछात्रवृत्तीही थांबली होती. 17 जानेवारी 2016 ला तो गेला. नीट पाहा, ती शिक्षा गावातल्या बहिष्काराचीच होती. फक्त कागद विद्यापीठाचा होता.

दुसरा अडथळा पैशाचा. बार्टीच्या 861 पात्र संशोधकांना अधिछात्रवृत्तीसाठी 2023 मध्ये आझाद मैदानावर बसावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, सारथीच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला तेव्हा, पीएच.डी. करून मुले काय दिवे लावणार, असा सवाल विधान परिषदेत खुद्द उपमुख्यमंत्र्यांनी केला. आमचे उत्तर असे: इतर विषयांत पैसे चार महिने उशिरा आले तर काम चार महिने रखडते. पिकावर काम करणाऱ्याची मात्र पेरणी हुकते आणि पेरणी हुकली की वर्ष जाते. आंदोलनाच्या मंडपात गेलेला रब्बी हंगाम नंतर कोणताही शासन निर्णय परत देत नाही.

काही जण म्हणतील, विद्यार्थ्यांनी संघटनेच्या भानगडीत न पडता अभ्यास करावा. आम्ही म्हणतो, संघटना हा अभ्यासाचाच भाग आहे. कोणते रसायन कुठे मिळेल, मार्गदर्शक कसा निवडावा, अर्ज कोणत्या तारखेला बंद होतो, ही माहिती वर्गात कोणी शिकवत नाही. ती चहाच्या टपरीवर आणि खोलीतल्या गप्पांत वाटली जाते. ज्याला त्या गप्पांत जागा नाही, त्याची गुणवत्ता कमी नसते. त्याच्यापर्यंत माहितीच पोहोचत नाही.

तेव्हा मित्र-मैत्रिणींनो, 14 एप्रिलची मिरवणूक काढाच, पण वर्षभराची सावडही बांधा. नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात गाठा. जुने प्रबंध, जुने अर्ज त्याच्या हाती द्या. अधिछात्रवृत्ती अडली तर मेसचे बिल भरण्यापुरता निधी उभा करा. नोकरीला लागलेल्यांनी त्यात दरमहा भर घालावी. आणि या सावडीचे दार कोणत्याही जातीच्या प्रामाणिक सोबत्याला बंद ठेवू नका. गोवंडे आणि भथेना आपल्याच इतिहासात आहेत.

'शिका' आणि 'संघर्ष करा' यांच्यासोबत बाबासाहेबांनी 'संघटित व्हा' म्हटले, ते उगाच नाही.

जय भीम!