तेलताड : रोपांवरील पाण्याचा ताण

तेलताड (एलेइस गिनीन्सिस) हा मूळचा पश्चिम आफ्रिकेतील दमट पट्ट्यातला वृक्ष. वर्षाला सुमारे २,००० मिमी पाऊस, तोही बाराही महिन्यांत विभागून पडला, तर तो उत्तम वाढतो. आंध्र प्रदेश व तेलंगणात, जिथे भारतातील बहुतेक लागवड आहे, असा पाऊस पडत नाही. तिथे हे पीक सिंचनावरच उभे आहे. त्यामुळे पाणी कमी पडल्यावर रोप कसे वागते, हा इथे थेट शेतकऱ्याच्या खर्चाचा प्रश्न ठरतो.

रोपे साधारण वर्षभर रोपवाटिकेत, काळ्या प्लॅस्टिक पिशव्यांत वाढवतात. पिशवीतली माती थोडी आणि सोटमूळ नसल्याने मुळे तेवढ्यातच गुंतलेली. उन्हाळ्यात एखाद-दुसरी पाळी चुकली तरी ताण बसू लागतो. रोप प्रथम पर्णरंध्रे मिटून घेते. बाष्पोत्सर्जन घटते, पण कार्बन डायऑक्साइडही आत येईनासा होतो आणि प्रकाशसंश्लेषण मंदावते. हवा फार कोरडी असेल, तर माती ओली असतानाही रंध्रे मिटतात. ताण लांबला की पेशींत प्रोलिन व विद्राव्य शर्करा साठून पाणी धरून ठेवले जाते. खोडापानांची वाढ मुळांच्या वाढीपेक्षा जास्त खुंटते, म्हणून रोपाच्या एकूण वजनात मुळांचा वाटा वाढतो.

वरून मात्र यातले फारसे दिसत नाही. पाने जाड व चिवट असल्याने टोमॅटो-वांग्याच्या रोपासारखी मान टाकत नाहीत. खरी खूण शेंड्याला असते : नव्या पानाची सुरळी लांबते, पण उलगडत नाही. एकीमागून दुसरी सुरळी तशीच मिटलेली उभी दिसली, तर पाण्याची ओढ बरीच आधी सुरू झाली आहे असे समजावे. खालची पाने करपतात ती त्याही नंतर. रोपवाटिकेत रोज पाहण्याजोगी हीच एक गोष्ट आहे, आणि नेमकी तिच्याकडेच दुर्लक्ष होते.

पुन्हा पाणी मिळाल्यावर रंध्रे उघडतात, सुरळ्याही उलगडतात. मात्र मधल्या काळात न वाढलेले पर्णक्षेत्र भरून यायला वेळ लागतो. पालाशाचा पुरवठा चांगला असेल, तर रंध्रांची उघडझाप नीट होते व रोप ताण जरा बरा सोसते. वाणावाणांतही फरक आढळतो. बेनिनमधील पोबे या कमी पावसाच्या केंद्रावर दुष्काळ सोसणाऱ्या वाणांची निवड होत आली आहे. भारतात हे संशोधन आंध्रातील पेदवेगी येथील भारतीय तेलताड संशोधन संस्थेत चालते.

संत्रा-डाळिंबाला बहर धरण्यासाठी मुद्दाम ताण देण्याची महाराष्ट्रातील रीत या पिकाला लावू नये. मोठ्या झाडाला ताण बसला की नरफुलोरे वाढतात, मादीफुलोरे घटतात आणि घडांची संख्या कमी होते. फुलोऱ्याचा अंकुर फळधारणेच्या कितीतरी आधी धरत असल्याने हा तोटा दीड-दोन वर्षांनी दिसतो.